मानवी ओटॉप१ चॅनेलचा प्रोटॉन करंट मोजताना: एचईके पेशींवरच्या कामाच्या नोंदी

आंबट चव ओळखणाऱ्या पेशींत आम्लातले प्रोटॉन आत घेणारं चॅनेल म्हणजे ओटॉप१. माणसात हे जनुक चौथ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेच्या टोकाशी, ४पी१६ या भागात आहे. प्रोटीन ६१२ अमिनो आम्लांचं. हे चॅनेल एचईके २९३ पेशींत (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी भ्रूण-मूत्रपिंडाच्या पेशी) उतरवून पॅच क्लॅम्पवर, म्हणजे काचेची बारीक पिपेट पेशीच्या पडद्याला लावून, त्याचा करंट मोजायचा, एवढंच हे काम. ज्यांना हेच करायचं आहे त्यांच्यासाठी या नोंदी. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: चॅनेल पेशीत उतरवणं अवघड नाही. त्या पेशीचे स्वतःचे, आम्ल लागताच जागे होणारे करंट बाजूला काढणं हेच खरं काम आहे. नऊ आठवड्यांतले निम्म्याहून जास्त दिवस त्यातच गेले.

३ जून

जनुक कोणतं घ्यायचं ते ठरलं. २००६ पासून बरीच वर्षं आंबट चवीचं चॅनेल म्हणून पीकेडी२एल१ कडे बोट दाखवलं जायचं. ते जनुक काढून टाकलेल्या उंदरांतही आंबट चव बऱ्यापैकी शाबूत राहिली आणि त्याचं महत्त्व आंबट पेशी ओळखायची खूण एवढ्यापुरतं उरलं. २०१८ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एमिली लिमन यांच्या गटाने ओटॉप१ हे प्रोटॉन चॅनेल असल्याचं दाखवलं. २०१९ मध्ये, हे जनुक बंद केलेल्या उंदरांच्या चव-पेशींचा आम्लाला मिळणारा प्रतिसाद खूप घटतो हेही सिद्ध झालं. म्हणून ओटॉप१.

वाचताना एक सांभाळा. उंदराचं प्रोटीन ६०० अमिनो आम्लांचं आहे आणि छापलेल्या कामातले बहुतेक क्रमांक उंदराचे असतात. सरसकट १२ मिळवून मानवी क्रमांक काढू नका. फरक एकाच जागी नाही. दोन्ही अनुक्रम शेजारी जुळवूनच जागा शोधा.

६ जून

पूर्ण कोडिंग भाग, थांबा-कोडॉन धरून १८३९ बेस जोड्या, मानवी पेशींसाठी कोडॉन सुधारून (प्रोटीन तेच ठेवून डीएनएची अक्षरं बदलून) कृत्रिमरीत्या बनवून मागवला होता. तो आला. पीसीडीएनए३ या प्लाझ्मिडमध्ये (पेशीत जनुक नेणारं वर्तुळाकार डीएनए) ईको-आर-वन आणि नॉट-वन या दोन एन्झाइमांनी कापून बसवायचा बेत.

१२ जून

सहा दिवस वाया. कापलेल्या तुकड्याच्या जागी जेलवर दोन पट्टे आले, साधारण ११०० आणि ७०० बेस जोड्यांचे. आधी वाटलं एन्झाइम जास्त वेळ राहिलं, म्हणून दोनदा कमी वेळ ठेवून पाहिलं. दोष वेळेचा नव्हताच. कोडॉन सुधारताना जनुकाच्या आतच ईको-आर-वनची नवी जागा तयार झाली होती. मूळ मानवी अनुक्रमाचा नकाशा तपासला होता, सुधारलेल्याचा तपासलाच नव्हता. टोकांना दुसरी जागा जोडणारे प्रायमर बनवून पीसीआर केला आणि बसवलं. अनुक्रम मागवण्यापूर्वी वापरायच्या एन्झाइमांच्या जागा सुधारित अनुक्रमात शोधायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

चमकणारं प्रोटीन ओटॉप१ ला जोडलं नाही, वेगळ्या प्लाझ्मिडवर ठेवलं. हिरव्या प्रोटीनची चमक आम्लात घटते आणि इथे तर पेशीच्या आतच आम्ल जाणार आहे.

१७ जून

ट्रान्सफेक्शन, म्हणजे प्लाझ्मिड पेशींत घालणं. ३५ मिलिमीटर डिशला ओटॉप१ चं १ मायक्रोग्रॅम आणि हिरव्या प्रोटीनचं ०.२ मायक्रोग्रॅम प्लाझ्मिड, डीएनए पेशीत पोचवणारं पॉलिइथिलिनइमिन डीएनएच्या तिप्पट वजनाने. २४ तासांनी ट्रिप्सिनने सुटवून काचेच्या तुकड्यांवर विरळ पसरल्या. ३६ तासांपर्यंत पेशी छान. ४८ तासांनंतर चमकणाऱ्या बऱ्याच पेशी गोल होऊन सुटायला लागल्या आणि सीलही (पिपेट आणि पडदा यांच्यातला घट्ट जोड) टिकेना. माध्यम पिवळं पडेपर्यंत दाट वाढू दिलेल्या डिशमध्ये हे लवकर होतं. आता मोजमाप २४ ते ३६ तासांच्या आत उरकतो आणि पेशी अर्ध्या भरलेल्या असतानाच ट्रान्सफेक्ट करतो.

२१ जून

पहिला करंट मिळाला, मोठाच मिळाला. बाहेर नेहमीचं टायरोड, म्हणजे सोडियम असलेलं खारं द्रावण, पेशी उणे ८० मिलिव्होल्टवर धरलेली, पीएच ७.४ वरून ५.० वर बदल. क्षणात आतल्या दिशेचा करंट चढला, दोनेक सेकंदांत उतरला. १ मिलिमोलर झिंक घातल्यावर जवळजवळ नाहीसा झाला. ओटॉप१ झिंकने बंद होतं हे माहीत होतं, म्हणून आठ पेशींची नोंद करून काम झालं असं लिहूनही ठेवलं.

२४ जून

वरची नोंद खोडली. फक्त हिरवं प्रोटीन घातलेल्या पेशींतही अगदी तोच करंट आला: तसाच झटक्यात चढणारा, तसाच उतरणारा, काही पेशींत तर जास्त मोठा. हे एएसआयसी१ए नावाचं दुसरं चॅनेल. एचईके पेशींत ते मुळातच असतं, आम्ल लागताच उघडतं आणि सोडियम आत घेतं. झिंकने जो करंट बंद झाला तोही याचाच, कारण एएसआयसी१ए नॅनोमोलर पातळीच्या झिंकनेसुद्धा दबतं. म्हणजे टायरोडमध्ये घेतलेला झिंकचा पुरावा हा ओटॉप१ चा पुरावाच नव्हे.

रिकामं प्लाझ्मिड घातलेल्या पेशी पहिल्या दिवसापासून शेजारी ठेवल्या असत्या तर हे तीन दिवस वाचले असते. तेव्हापासून नियम एकच: रोज मोजणीची पहिली पेशी रिकाम्या प्लाझ्मिडची.

२६ जून

सोडियम काढून टाकायचं. बाहेरच्या द्रावणात सोडियमऐवजी एनएमडीजी, हा मोठा धनभारित रेणू बहुतेक चॅनेलांतून जात नाही. कृती: एनएमडीजी १६० मिलिमोलर, कॅल्शियम क्लोराइड २ मिलिमोलर, बफर (पीएच स्थिर ठेवणारं रसायन) १० मिलिमोलर, हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच. बफर पीएचप्रमाणे बदलतं: ७.४ साठी हेपेस, ६.० आणि ५.५ साठी एमईएस, ५.० साठी होमोपाइप्स. सगळ्या आम्ल द्रावणांत अॅमिलोराइड १०० मायक्रोमोलर, म्हणजे उरलंसुरलं एएसआयसीही गप्प.

यात तीन चुका झाल्या.

पहिली, ५.० साठीही एमईएसच वापरलं. एमईएसचा पीकेए (ज्या पीएचला बफर सगळ्यात जास्त प्रोटॉन सोसतं तो आकडा) साधारण ६.१. पीएच ५.० ला त्याची बफर-क्षमता ६.१ ला असते त्याच्या पावपटीहून थोडी जास्त, एवढीच उरते. पेशीवर द्रावण सोडणाऱ्या नळीत मागे राहिलेलं टायरोड थोडंसं मिसळलं तरी पीएच वर सरकतो. बाटलीत ५.०, नळीच्या तोंडातून गोळा केलेल्या द्रावणात ५.२ भरला. पीएच बाटलीत नाही, पेशीपाशी पोचणाऱ्या द्रावणात मोजा.

दुसरी, एनएमडीजी स्वतः अल्क आहे, आणि त्याचा पीकेए ९.६ च्या आसपास. १६० मिलिमोलरला जवळजवळ तेवढंच आम्ल लागतं. पीएच बराच वेळ ९-१० वर रेंगाळतो आणि मग एका थेंबात खाली कोसळतो. शेवटचे थेंब एक मोलर आम्लाचे टाका, त्याहून तीव्र नको. पुढे गेलात तर एनएमडीजीच परत घालून वर आणा. सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली हातात घेतली की सगळी मेहनत पाण्यात.

तिसरी चूक वजन काट्यावरची. एनएमडीजी आणि निर्जल एमईएस, दोन्ही पांढऱ्या भुकट्या आणि दोन्हींचा रेणुभार १९५.२. कागदावर ग्रॅमचे आकडे पाहून अदलाबदल लक्षात येत नाही. शिवाय एमईएसची बाटली पाण्याचा एक रेणू असलेल्या प्रकाराची असेल तर रेणुभार २१३.३ धरायचा.

सिट्रेट बफर वापरून पाहण्याचा मोह टाळा. ते कॅल्शियम धरून ठेवतं आणि सील गळायला लागतात. एक सकाळ त्यात गेली.

१ जुलै

सोडियम नसलेल्या द्रावणात रिकाम्या पेशी सपाट. ओटॉप१ घातलेल्या पेशींत पीएच ५.५ ला आतल्या दिशेचा करंट, ५.० ला त्याहून मोठा. हा खरा. पिपेटमधलं द्रावण: सीझियम अॅस्पार्टेट १२०, सीझियम क्लोराइड १५, मॅग्नेशियम एटीपी २, ईजीटीए ५, कॅल्शियम क्लोराइड २.४, हेपेस १०, सगळं मिलिमोलरमध्ये, पीएच ७.३. पिपेटचा रोध २ ते ४ मेगाओहम.

पेशी तळाला चिकटलेली असताना द्रावण बदलायला बराच वेळ लागतो आणि चढ बोथट दिसतो. सील झाल्यावर पेशी हळूच उचलून नळीच्या तोंडासमोर आणली की चढ तीव्र होतो. निम्म्या पेशी उचलताना जातात हे गृहीत धरा.

४ जुलै

करंट टिकत नाही. पीएच ५.० ला शिखर गाठून काही सेकंदांत निम्म्यावर येतो. मोठे करंट जास्त लवकर घसरतात. चॅनेल स्वतः बंद होत असावं असं आधी मानलं. मग हिशेब केला आणि तो इथे मुद्दाम देतो, कारण या एका हिशेबाने पुढच्या सगळ्या प्रयोगांची आखणी बदलली.

पेशीचा व्यास १२ मायक्रोमीटर धरला तर आकारमान सुमारे ०.९ पिकोलिटर. ५०० पिकोअँपिअर करंट एक सेकंद वाहिला तर ५ फेम्टोमोलपेक्षा थोडे जास्त प्रोटॉन आत येतात. ते त्या आकारमानात वाटले की होतात सुमारे ५.७ मिलिमोलर. १० मिलिमोलर हेपेस पीएच ७.३ ला एकेका पीएच एककामागे साधारण ५.५ मिलिमोलर प्रोटॉन सोसतं. म्हणजे एका सेकंदात पेशीच्या आतला पीएच जवळजवळ एका एककाने खाली. पिपेटमधून ताजं बफर येत राहतं आणि पेशीचं स्वतःचंही थोडं असतं, पण एवढ्या वेगाला ते पुरं पडत नाही. प्रोटॉनना आत ढकलणारा जोरच कमी होतो, करंट घसरणारच.

९ जुलै

पिपेटमधलं हेपेस १० वरून १०० मिलिमोलर केलं, ऑस्मोलॅरिटी २९० च्या आसपास राहावी म्हणून सीझियम अॅस्पार्टेट ७० वर आणलं. घसरण स्पष्टपणे मंदावली. पूर्ण थांबत नाही, पण शिखराचा आकडा आता विश्वासाने घेता येतो. पेशी १० सेकंदांपेक्षा जास्त आम्लात ठेवत नाही आणि दोन आम्लांमध्ये पीएच ७.४ ला किमान एक मिनिट विश्रांती देतो. ती विश्रांती न दिल्यास दुसरा करंट लहान येतो आणि तो औषधाचा परिणाम समजला जातो.

१८ जुलै

आठवडाभराची नोंद एकत्र, कारण आठवडाभर एकाच दगडावर डोकं आपटलं.

करंट प्रोटॉनचाच आहे हे दाखवायला तो कोणत्या व्होल्टेजला दिशा बदलतो ते पाहावं लागतं. म्हणून उणे ८० ते अधिक ८० मिलिव्होल्ट असा एक सेकंदाचा चढता रॅम्प, म्हणजे व्होल्टेज सलग वाढवत नेणं. पीएच ५.० ला धन व्होल्टेजकडे प्रचंड बाहेरच्या दिशेचा करंट, दहा-वीस सेकंदांत वाढत जाणारा. सील गळतंय असं वाटून पिपेट बदलले, काच बदलली. रिकाम्या पेशींतही तेच.

हे पीएसी: आम्लाने उघडणारं क्लोराइड चॅनेल, टीएमईएम२०६ जनुकाचं, त्याची ओळख २०१९ मध्ये पटली. एचईके पेशींत ते भरपूर असतं. उणे ८० ला धरून मोजताना ते फारसं जाणवत नाही, म्हणून इतके दिवस दिसलं नाही. रॅम्पमध्ये व्होल्टेज वर गेलं की बाहेरचं क्लोराइड आत येतं आणि मोजणी बुडते.

शिवाय रॅम्पची आखणीच चुकली होती. आत ७.३ आणि बाहेर ५.५ असेल तर प्रोटॉनचं समतोल व्होल्टेज, म्हणजे जिथे त्यांचा करंट शून्य होऊन दिशा बदलतो ते, अधिक १०५ मिलिव्होल्टच्या आसपास पडतं. आमचा रॅम्प ८० ला संपतो. म्हणजे पीएसी नसतं तरीही दिशाबदल दिसलाच नसता. हा हिशेब पहिल्या दिवशी करायला हवा होता.

दोन्हींवर उपाय केले. पिपेटचा पीएच ६.० केला आणि त्यात १०० मिलिमोलर एमईएस घातलं. पीकेएच्या अगदी जवळ असल्याने इथे ते सगळ्यात जास्त प्रोटॉन सोसतं. आता बाहेर ६.० ला दिशाबदल शून्यापाशी, ५.५ ला अधिक २९ आणि ५.० ला अधिक ५८ अपेक्षित, सगळे रॅम्पच्या आत. आणि बाहेरचं क्लोराइड काढून मिथेनसल्फोनेट: एनएमडीजीचा पीएच हायड्रोक्लोरिकऐवजी मिथेनसल्फोनिक आम्लाने आणायचा.

२२ जुलै

मिथेनसल्फोनेट घातलं आणि शून्यरेषा हिंडायला लागली. द्रावण बदललं की दहा-वीस मिलिव्होल्टची उडी, मग संथ घसरण. दोष द्रावणात बुडवलेल्या जमिनीच्या (ग्राउंड) तारेचा. चांदी-सिल्व्हर क्लोराइडची तार बाहेरच्या क्लोराइडवर अवलंबून असते. ते बदललं की तिचं व्होल्टेजही बदलतं. ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड भरलेला अगारचा पूल करून तार त्याच्या पलीकडच्या कपात ठेवली. उडी गेली. अगार ३ टक्के ठेवा; त्याहून पातळ असेल तर द्रावणाच्या प्रवाहात तो पूल वाहून जातो.

द्रावणांच्या सीमेवरचं जंक्शन पोटेन्शियलही दुरुस्त करायला विसरू नका. अॅस्पार्टेटच्या पिपेटला ते सहज दहा-पंधरा मिलिव्होल्ट असतं आणि दिशाबदलाच्या आकड्यात सरळ मिसळतं.

याच दिवशी पीएसी जनुक काढून टाकलेल्या एचईके पेशी मिळाल्या. आता सगळी मोजणी त्यांवरच. या कामाला नव्याने हात घालणाऱ्यांनी आधी या पेशी मिळवाव्यात आणि मगच पिपेट ओढायला बसावं. मिथेनसल्फोनेटची कसरत बरीचशी टळते.

दिशाबदल बाहेरच्या पीएचबरोबर योग्य दिशेला सरकतो. सरक दर पीएच एककामागे ५८ मिलिव्होल्टपेक्षा कमी भरते. रॅम्प चालू असतानाही आत प्रोटॉन साठतात, त्यामुळे ती कमी भरणारच. रॅम्प आम्ल लागल्यावर लगेच, पहिल्या सेकंदात घेतला की आकडा अपेक्षेच्या जवळ येतो.

२५ जुलै

झिंक, या वेळी खऱ्या करंटवर. १ मिलिमोलरने पीएच ५.५ चा करंट चांगला दबतो, ५.० ला तितका नाही. जास्त आम्लात झिंकचा जोर कमी पडतो, तेव्हा दोन पीएचचे आकडे एकाच तक्त्यात ठेवू नका.

झिंक पीएच ७.४ च्या द्रावणात १ मिलिमोलर टाकलं तर काही वेळाने धूसर होतं, हायड्रॉक्साइड बसतं. फॉस्फेट असलेल्या द्रावणात तर लगेच साका. म्हणून झिंक फक्त आम्ल द्रावणांत, साठ्याचं द्रावण किंचित आम्लात बनवलेलं, आणि ते घातल्यानंतर पीएच पुन्हा मोजलेला. आमच्या पहिल्या झिंकच्या बाटलीत साठ्यातल्या आम्लाने ५.५ चा पीएच ५.४ झाला होता.

२९ जुलै

दुसरा, स्वतंत्र पुरावा हवा: पेशीच्या आतला पीएच खरंच घटतो का. हिरव्या प्रोटीनऐवजी पीएचला संवेदनशील पीएचलुओरिन सोबत घातलं. ४८८ नॅनोमीटरने उजळायचं, ५१० च्या आसपास मोजायचं. पीएच घटला की चमक घटते.

पहिल्याच दिवशी रिकाम्या पेशींचीही चमक कोसळली. कारण बफरचं: होमोपाइप्स संपलं होतं म्हणून पीएच ५.० साठी अॅसिटेट घेतलं. अॅसेटिक आम्लाचा पीकेए ४.७६. पीएच ५.० ला त्यातला ३६ टक्के भाग भाररहित असतो, आणि तो पेशीच्या पडद्यातून कोणत्याही चॅनेलशिवाय आत शिरून प्रोटॉन सोडतो. आंबट चवीच्या कामात हे ध्यानात ठेवणं फार गरजेचं आहे: सौम्य सेंद्रिय आम्लं चॅनेल नसतानाही पेशी आतून आंबवतात. चॅनेल तपासायचं असेल तर पडद्यातून न जाणारं बफरच घ्या.

होमोपाइप्स आल्यावर रिकाम्या पेशी स्थिर, ओटॉप१ च्या पेशी काही सेकंदांत मंद.

२ ऑगस्ट

रिकाम्या पेशी पुन्हा मंद व्हायला लागल्या, तेही योग्य बफरमध्ये. तीन दिवस कारण सापडेना. द्रावणं नवी केली, पेशींचा नवा साठा वितळवला, काही फरक नाही.

गुन्हेगार नायजेरिसिन निघालं. चमकेवरून पीएचचा आकडा काढायला १३० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड आणि १० मायक्रोमोलर नायजेरिसिन देऊन बाहेरचा-आतला पीएच सारखा करतात. ते त्याच नळ्यांतून दिलं होतं. नायजेरिसिन सिलिकॉनच्या नळीला चिकटतं आणि पुढचे कित्येक दिवस थोडं थोडं सुटत राहतं. पाण्याने धुऊन जात नाही. सगळ्या नळ्या, झडपा आणि डिशचा साचा बदलला. तेव्हापासून कॅलिब्रेशन वेगळ्या डिशमध्ये, दिवसाच्या शेवटी, पिपेटने हाताने.

या एका चुकीत तीन दिवस आणि ट्रान्सफेक्ट केलेल्या १४ डिश गेल्या.

६ ऑगस्ट

चालू पद्धत अशी. पीएसी नसलेल्या पेशी, ट्रान्सफेक्शननंतर २४ ते ३६ तास. बाहेर एनएमडीजी आणि अॅमिलोराइड. पिपेटमध्ये शिखर मोजताना हेपेस १०० मिलिमोलर पीएच ७.३, दिशाबदल पाहताना एमईएस १०० मिलिमोलर पीएच ६.०. अगारचा पूल. रोजची पहिली पेशी रिकाम्या प्लाझ्मिडची. तिच्यात करंट दिसला तर त्या दिवशी पुढची पेशी न घेता आधी द्रावणं आणि नळ्या तपासायच्या.

दिवसाला सहा ते आठ वापरण्याजोग्या पेशी मिळतात. करंटचा आकार पेशीपेशीत खूप बदलतो, म्हणून तो पेशीच्या कपॅसिटन्सने (पडद्याच्या आकाराचं माप) भागून, पिकोअँपिअर प्रति पिकोफॅरड असाच लिहितो. पुढे ६.५ आणि ६.० चे करंट मोजायचे आहेत. ते लहान असतात आणि गळती त्यांना सहज झाकते, त्यामुळे त्या मोजणीत १ गिगाओहमपेक्षा कमी सीलची पेशी सरळ टाकून देणार.